साहेब, बूट काढून दाबा

अन्याय झाला तो मथुरावर. मथुरा म्हणजे जळकोटच्या अलीकडच्या एका वाडीतली, दुष्काळी कामावर खडी फोडणारी बाई. नवा जिल्हा झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, चैत्र अमावास्येच्या आदल्या बुधवारी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी आरोग्य केंद्रातल्या बाळंतिणीच्या खोलीत तिला मुलगी झाली. बारा पस्तीसला मुलगी गेली. मधली पंधरा मिनिटं तिच्या घशात जे अडकलं होतं ते ओढून काढायला सरकारनं एक कोरं करकरीत यंत्र दिलेलं होतं. ते जागेवर होतं. मोडलेलं नव्हतं. चौकशीच्या अहवालात तसं स्वच्छ लिहिलंय: 'यंत्र सुस्थितीत आढळले.'

अहवालातलं पुढचं वाक्य दुसऱ्या बाईवर आहे: 'परिचारिकेने ते योग्य रीतीने वापरले नाही.' म्हणजे यंत्र शहाणं आणि बाई अडाणी. एवढं ठरवायला तीन माणसं जीपमधून आली, सावलीत बसली, चहा प्याली आणि गेली. मथुराला काही विचारलं नाही. यंत्राला तर काय विचारणार?

ती परिचारिका म्हणजे शिवकांता स्वामी. सगळा भाग तिला अक्का म्हणायचा, मीही म्हणायची. तिचं माहेर कुठलं, नवरा कधी गेला, नोकरीला कधी लागली, यातलं मला फारसं ठाऊक नाही. ती सांगत नसे, आणि माझं तिच्याशी काम पडलं ते निराळ्याच कारणानं.

मी मुखेडची. त्या सालात आमची पाचसहा जणांची एक संघटना होती. आम्ही दुष्काळी कामांवर जाऊन पत्रकं वाटायचो: कामाच्या जागी सावली करा, प्यायचं पाणी ठेवा, लेकरांसाठी झोळी बांधायला जागा द्या. जिल्ह्याची हद्द ओलांडून जळकोटकडच्या कामावर गेलो तेव्हा आमचं पत्रक अक्कानं उभ्या उभ्या वाचलं, दोन्ही बाजूंनी वाचलं, आणि घडी घालून मला परत दिलं.

"अक्षरं लई झाली," ती म्हणाली. "ह्यात सावली कुठाय?"

मग तिनंच खडीवरच्या बायांची चार जुनी लुगडी जोडून बाभळीला बांधली आणि त्याखाली पाण्याचा माठ ठेवला. आमचं पत्रक माठावर झाकण म्हणून गेलं. माझा जरा अपमान झाला, पण माठात धूळ गेली नाही हेही खरं.

अक्का उंचीनं फार आखूड. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यातलं लिंग पांढऱ्या पोलक्याच्या आत, आणि डाव्या काखेत एक लाकडी पाट. जेवायला बसायचा साधा पाट. सगळीकडे घेऊन फिरायची. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, बाई पूजेला निघाली. तो पाट होता उभं राहायला. आरोग्य केंद्रातलं तपासणीचं टेबल तिच्या छातीला लागायचं. लेकरांचं वजन करायचा काटा ज्या हुकाला टांगलेला होता तो हूक तिच्या बोटांच्या दोन वीत वर होता. औषधाच्या कपाटाचा वरचा कप्पा तर तिनं नोकरीभर पाटावर चढल्याशिवाय बघितलाच नसेल. सरकारनं तिला पांढरी साडी दिली, पण तिच्या मापाची वस्तू एकही दिली नाही. म्हणून तिनं आपली उंची काखेत मारून आणलेली होती.

नवी वस्तू आली की अक्का तिची परीक्षा घ्यायची. कात्री असो, टॉर्च असो, रक्तदाब बघायचा पट्टा असो, परीक्षा तीच. आधी हात ओले करून धरायची. मग डाव्या हातानं धरायची. मग डोळे मिटून धरायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले. तिनं हसू दिलं आणि मग समजावलं. बाळंतपणात हात कोरडा राहतो का? न्हाई. उजवा हात रिकामा असतो का? न्हाई. आणि नजर बाळंतिणीवर ठेवायची का कात्रीवर? टॉर्चचं बटण ओल्या हाताला सटकलं तेव्हा तिनं तो टॉर्च शिपायाला देऊन टाकला. तुला रात्री म्हशी बघायला होईल म्हणाली. त्या टॉर्चवर कुणा मोठ्या डॉक्टरची शिफारस छापलेली होती. त्यांचे हात बहुधा कोरडे असावेत.

"वस्तू करायच्या आधी हाताला इचारायला पायजे," ती म्हणायची. "मागून इचारलं तर हात काय सांगणार? दुखून राहिलाय म्हणून सांगणार."

हे वाक्य तिनं माझ्यासमोर किती वेळा म्हटलं याची गणती नाही. कागदावर कुणी उतरवून घेतलं नाही, कारण ते आखूड बाईच्या तोंडचं होतं आणि त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता.

आता त्या यंत्राकडे येते. नवा जिल्हा झाला तेव्हा जो तो काहीतरी नवं करायच्या मागे होता. पावसाळा लागोपाठ दुसऱ्या साली कोरडा गेलेला, तालुक्याच्या गावांत पाण्याचे टँकर दिवसाआड येत होते, पण नव्या ऑफिसांना रंग लागत होता. अशात नव्या वसाहतीतल्या एका कारखान्यानं पायपंप काढला. कारखान्याचं नाव लिहीत नाही, ती जाहिरात मी फुकट करणार नाही. जन्मलेल्या लेकराच्या नाकातोंडातलं पाणी ओढून काढायचं हे यंत्र. लोखंडी बैठकीवर रबराचा भाता, भात्यावर पायडल, पुढं बाटली आणि नळी. पायानं पायडल दाबत राहायचं, हातानं नळी धरायची. वीज नको, डिझेल नको. कल्पना वाईट नव्हती. वाईट होतं ते पुढचं.

केंद्राकेंद्रांतल्या नर्सबाया आणि सुईणी यांना जिल्ह्याच्या गावी बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं. मी अक्काबरोबर गेले होते, मागच्या बाकावर होते. स्टेजवर जाजम अंथरलेलं. जाजमावर पंप. पंपामागे कारखान्याचे इंजिनिअर साहेब, टेरिकॉटची विजार, पायात चकचकीत बूट. साहेबांनी उभं राहून टाचेचा सगळा भार घालून दहा वेळा पायडल दाबलं. ग्लासातलं लाल पाणी सरसर बाटलीत गेलं. टाळ्या झाल्या. आपल्या जिल्ह्याचा पहिला पंप, अशा अर्थाचं कुणीतरी भाषण केलं.

काही विचारायचं आहे का, असं साहेबांनी विचारलं ते रीत म्हणून. अक्का पाट काखेत घेऊन उठली.

"साहेब, बूट काढून दाबा की."

लोक हसले. साहेबही हसले. बूट कशाला काढायचे, असं त्यांनी विचारलं. अक्कानं सांगितलं, बाळंतिणीच्या खोलीत आम्ही चप्पल घालून जात न्हाई. उंबऱ्याबाहेर काढतो. ह्या सगळ्या बाया काढतात. आणि आमची बाळंतीण टेबलावर चढत न्हाई, खाली भिंतीला पाठ देऊन बसते. मग आम्ही बी तिच्यासमोर खालीच बसतो. साहेब, तुम्ही उभं राहून दाबून राहिलाव. खाली बसून दाबून दाखवा, अनवाणी. आणि जाजम काढा, आमच्याकडं शहाबादी फरशी हाय.

सभागृहात पन्नासेक बाया असतील. एकीनंही नाही म्हटलं नाही. सगळ्यांना ते माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं तो एकच माणूस होता आणि पंप त्यानं बनवला होता.

"वापरता वापरता सवय होईल, सिस्टर," साहेब म्हणाले. चहा आला आणि सभा संपली.

त्याच दिवशी दाराशी शिपाई एक पोतं घेऊन बसला होता. नवं यंत्र घ्यायचं तर जुनं जमा करायचं, असा हुकूम होता. जुनं म्हणजे तोंडानं ओढायची साधी रबरी नळी. अक्काच्या पिशवीत अशा दोन होत्या, बोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या. तिनं शिपायाला विनंती केली की एक ठेवू दे. त्यानं हुकूम दाखवला. तिनं दोन्ही टाकल्या. तो पोत्याचं तोंड बांधेपर्यंत ती तिथंच उभी होती.

त्यानंतर सव्वा महिन्यानं मथुरा आली, थेट खडीवरून, केसांत पांढरा फुफाटा घेऊन. पुढचं मी बघितलं नाही, सुईण चंद्राबाईनं सांगितलं. लेकरू आलं ते निळं, आवाज नाही. अक्कानं त्याला मांडीवर घेतलं, एका हातानं मान धरली, दुसऱ्या हातानं नळी घातली, आणि बसल्या जागेवरून पायडल दाबलं. बसलेल्या बाईच्या पायात अंगाचा भार नसतो, नुसता पायाचा जोर असतो. तेवढ्यानं पायडल अर्धंच खाली जायचं. तिनं सगळी ताकद लावली तर पंपच फरशीवरून पुढे सरकला. चंद्राबाईनं धरून ठेवला तर मथुराला धरायला कुणी नव्हतं. पायडलवर बुटाचा तळवा घट्ट बसावा म्हणून लोखंडी दाते काढलेले होते. त्यांनी अक्काचा तळपाय फाडला. रक्तानं पायडल बुळबुळीत झालं. शेवटी तिनं नळी फेकून दिली आणि आपलं तोंड लेकराच्या तोंडाला लावलं. पण तोवर उशीर झाला होता.

सवय व्हायला बहुधा अजून थोडी लेकरं लागणार होती.

अक्काच्या तळपायाला टाके पडले. चौकशीच्या माणसांसमोर ती लंगडत आली आणि पाय दाखवला. त्यांनी तो अहवालात घेतला, पण कसा? 'परिचारिकेच्या पायास झालेली इजा यंत्र वापराचे ज्ञान नसल्याचे दर्शविते.' माणूस इतक्या बेशरम मराठीत लिहू शकतो हे मला तेव्हा कळलं. तिच्या सर्व्हिस बुकात 'हलगर्जीपणा' असा शेरा पडला.

मला वाटलं, आता ही शेऱ्याविरुद्ध लढेल. मी कागद-पेन घेऊन गेले. ती म्हणाली शेरा राहू दे, तो कुणाच्या नरड्यात अडकत न्हाई. अजून सगळ्या केंद्रांना पंप गेले न्हाईत. जायच्या आत पायडल बदललं पायजे. तिला दुसरं काही नको होतं. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीपायी झालं.

एक दिवस ती मुखेडच्या आठवडी बाजारात आली होती. चपलेचा अंगठा तुटला म्हणून मारोतीमामाकडे बसलो. मारोतीमामा चांभार, तोंडात सदा सुपारी, शब्दाला महाग. त्याच्यासमोर एका गड्यानं कागदावर पाय ठेवलेला होता आणि मामा पेन्सिलीनं पायाभोवती रेघ मारत होता. टाचेपाशी, चवड्यापाशी दोनदा. अक्का बघत राहिली.

"मामा, पाय बघितल्याबिगर चप्पल करताव का?" तिनं विचारलं.

मामानं सुपारी गालात सारली. "पाय न बघता करायला मी काय इंजिनेर हाय?"

त्याला पंपाचं काहीच माहीत नव्हतं. नुसता बोलून गेला. अक्का इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मथुराच्या बुधवारनंतर मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

आरोग्य केंद्रातल्या पुढच्या महिन्याच्या बैठकीला तिनं परातीत गेरू कालवला. आलेल्या सगळ्या नर्सबायांनी आणि सुईणींनी त्यात पाय बुडवून जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवले. पाणी जपून वापरायचे दिवस. एकाच बादलीत सगळ्यांनी पाय धुतले आणि ते लाल पाणी कण्हेरीला घातलं. बायांनी एकमेकींच्या पायांची भरपूर थट्टा केली. हिचा पाय की खुरपं, हिची बोटं बघ भांडून बसल्यासारखी. पण कागद वाळल्यावर शेजारी शेजारी मांडले तेव्हा सगळ्या वाकून बघू लागल्या. आखूड, रुंद, भेगाळलेले, अंगठा बाहेर गेलेले पाय. त्यांतला एकही त्या पायडलवर बसणारा नव्हता.

आम्ही त्यांतल्या पाच पायांच्या रेघा स्टेन्सिलवर उतरवून पत्रक काढलं. मी मजकूर लिहून नेला होता दोन पानी. तिनं एक वाक्य ठेवलं: 'पंप ह्या पायांसाठी आहे.' बाकीच्या जागेत पाय. आमच्या संघटनेचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पत्रक तेच.

ते पत्रक, गेरूच्या कागदांची गुंडाळी, आणि मारोतीमामानं लाकडाच्या फळीवर टायर ठोकून केलेला पायडलचा नमुना घेऊन आम्ही जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो. आरोग्य खात्याचे मोठे साहेब होते, इंजिनिअर साहेबांनाही बोलावलेलं होतं. भिंतींना चुन्याचा वास, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. अक्कानं कागद टेबलावर पसरले.

इंजिनिअर साहेबांनी नमुना उलटापालटा करून बघितला. त्यांना तो समजला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण न समजलेल्या माणसाला मी माफ केलं असतं. पायडलची दांडी वाढवली की जोर कमी लागेल, खाली टायर लावलं की सरकणार नाही, दात्यांऐवजी चामडं लावलं की पाय कापणार नाही, हे सगळं त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. आणि मग म्हणाले, "पण आता साचा पडलाय, सिस्टर. आता बदल म्हणजे सगळं पहिल्यापासून. हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं."

अक्का शांतपणे म्हणाली, "आधी सांगितलं होतं, साहेब. पन्नास बायांसमोर सांगितलं होतं. पण त्याच्या बी आधी तुम्ही इचारायला पायजे होतं. साचा पडायच्या आधी एक दिवस आमच्या खोलीत येऊन बसला असता तर मथुराची लेक आज पालथी पडत असती."

मोठे साहेब समजूतदार माणूस. समजूतदार माणसांची मला फार भीती वाटते. त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. यंत्राचे प्रशिक्षण मिळाले, यंत्र समाधानकारक चालते, असं त्यावर लिहिलेलं होतं. ते म्हणाले, बाई, सही करा, मी शेरा काढून टाकतो, तुमचं पुढचं प्रमोशन मोकळं होईल. उगीच कशाला नाहक तकलीफ?

"करते की सही," अक्का म्हणाली. "ह्या साहेबांनी बूट काढून, हितं फरशीवर बसून वीस वेळा दाबू दे. मग करते."

इंजिनिअर साहेबांनी हसून उडवायचा प्रयत्न केला. ती हसली नाही. कोपऱ्यात नमुन्याचा पंप ठेवलेला होता, तो तिनंच ओढून पुढे आणला. शेवटी साहेबांनी बूट काढले, मोजे काढले. पांढरेफटक, मऊ पाय. फरशीवर बसताना विजार गुडघ्यात अडली. चार वेळा दाबलं. पाचव्या वेळी पंप सरकत मोठ्या साहेबांच्या टेबलाखाली गेला. तो परत ओढून ठेवला, पण सहाव्या वेळेला साहेबांनी पाय मागे घेतला आणि तळवा चोळत बसले.

मोठ्या साहेबांनी छापील कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला. मला वाटलं आपण जिंकलो. त्या वयात असं फार वाटतं.

महिन्याभरात परिपत्रक आलं. त्यात पायडलविषयी एक अक्षर नव्हतं. लिहिलं होतं: 'प्रसूतिकक्षात पायपंप वापरताना परिचारिकांनी बूट परिधान करावेत.' पाठोपाठ पेटी आली. पेटीत काळे बूट. सगळे पुरुषी, सगळे आठ नंबर. पंप बदलायला जमलं नाही म्हणून ह्या लोकांनी पाय बदलायचा हुकूम काढला, आणि तोही न मोजता. एवढी अक्कल मुद्दाम कमवावी लागते, जन्मानं कुणाला मिळत नाही.

अक्काचा आख्खा पाय त्या बुटात आडवा मावला असता. एक बूट तिनं दाराला अडणी म्हणून लावला. दुसऱ्यात केंद्रातली मांजर व्याली. तिची चारही पिल्लं जगली, अक्का आल्यागेल्याला दाखवायची. "हिनं यंत्र वापरलं न्हाई," म्हणायची.

उरलेले पंप जसेच्या तसे वाटले गेले. बहुतेक ठिकाणी ते कापडात गुंडाळून कपाटात गेले आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येऊ लागले. कुठं कुठं वापरले गेले, तिथं काय झालं, ते अहवाल माझ्यापर्यंत आले नाहीत.

अक्कानं आपला पंप कपाटात ठेवला नाही. तो पोत्यात घालून एस.टी.नं मुखेडला आणला. सायकलच्या दुकानात दांडीला पट्टी जोडून ती वाढवून घेतली. मारोतीमामानं दाते घासून काढले, वर चामडं चढवलं, खाली फळी आणि टायर बसवलं. त्याआधी कागद पसरून अक्काचा पाय त्यावर ठेवून घेतला, टाचेपाशी दोनदा रेघ मारली. टाक्यांची खूण होती तिथं त्यानं चामड्याला थोडी खोलगट जागा ठेवली. मजुरी घेतली नाही. म्हणाला, चप्पलच हाय ती, जरा मोठी.

मग अक्कानं परीक्षा घेतली. पाय ओला करून, डाव्या पायानं, डोळे मिटून. पंप जागचा हलला नाही.

दीड वर्षानं मथुरा पुन्हा दिवस भरून आली. दुसरीकडे जा म्हणून नवऱ्यानं सांगितलं होतं, तरी ती अक्काकडेच आली. त्या दिवशी मी उंबऱ्याबाहेर चपलांपाशी बसले होते. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग भात्याचा आवाज, फस्स, फस्स, एका लयीत. मी मोजत होते, अकरापर्यंत गेले, आणि लेकरू रडलं. चंद्राबाई बाहेर येऊन भिंतीला टेकली आणि तिनं माझ्या हातातलं पाणी पिऊन टाकलं. मुलगी होती. ती आज दाराबाहेर मातीत बसून माती खाते, मथुरा तिला रागे भरते.

ही बातमी वर गेली. कुणाच्या डोळ्यांवर आली ते कळलं नाही. तपासणी झाली. लेकरू जगलं याची नोंद करायला त्या तक्त्यात रकाना नव्हता. 'शासकीय यंत्रात विनापरवाना फेरफार' याला मात्र होता. बदललेला पंप चिठ्ठी लावून जप्त करून नेला. त्याजागी नवा कोरा पंप आला, दात्यांसकट. अक्काची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पार कर्नाटकच्या हद्दीशी झाली. सर्व्हिस बुकात दुसरा शेरा.

मी जळकोटच्या स्टँडवर तिला सोडायला गेले. ट्रंक, वळकटी आणि काखेत पाट. मी खूप बोलत होते, वर अर्ज करू, मोर्चा काढू, पत्रक काढू. ती ऐकून घेत होती.

"तिकडं कन्नड बोलतात म्हणं," ती म्हणाली. "बरंच झालं. मराठीत सांगून बघितलं."

मग तिनं वळकटीतून गेरूच्या पायांची गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. साचे पुन्हा पडतेत, म्हणाली. पंपाचे पडतेत, टेबलाचे पडतेत. पडायच्या आधी हे नेऊन दाखव.

गाडी आली. पायरी नेहमीसारखी उंच. कंडक्टर वरून म्हणाला, मावशी, चला लवकर. अक्कानं पाट जमिनीवर ठेवला, त्यावर चढली, पाटावरून पायरीवर गेली, दांडा धरून वाकली आणि खालचा पाट उचलून घेतला. कुणाचा हात घेतला नाही. पाट परत काखेत गेला आणि ती आत दिसेनाशी झाली. धुरळा खाली बसेपर्यंत मी उभी होते. तिला मी शेवटची पाहिली ती अशी.

तुम्ही हे वाचून हळहळणार असाल तर हे पान इथंच ठेवून द्या. हळहळ आम्हाला पुष्कळ मिळालीय.

नाहीतर उठा. तुमच्या गावच्या दवाखान्यात जा. चपला उंबऱ्याबाहेर काढा, कपाटातला पंप मागून घ्या, फरशीवर बसा आणि वीस वेळा दाबा. मग एक कागद घ्या, त्यावर आपला पाय ठेवा, भोवती रेघ मारा, टाचेपाशी दोनदा. खाली लिहा की पुढचा साचा पाडण्याआधी शिवकांता स्वामीला बोलवा, आणि तिच्या सर्व्हिस बुकातले दोन्ही शेरे खोडा. कागद जिल्ह्याच्या ऑफिसात मोठ्या साहेबांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवा. टेबल पायांनी भरेपर्यंत नेत राहा. उद्यापासून नको, आज. चप्पल काढा.